बिल्लो आणि अकरा पिल्लं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीतून फोन आला तेव्हा मला वाटलं, ईद जवळ आली असणार. ईद आली की आम्हा चार-दोन मुसलमान मराठी कवींचे फोन वाजू लागतात आणि शिरखुर्म्यात काय काय घालतात हे सांगता सांगता आमचं भाषण संपतं. पण या वेळी बाई म्हणाल्या, 'मागं तुम्ही चहा पिताना तुमच्या मांजराचं आणि कोंबड्यांचं सांगत होता ना, तेच सांगा. कोंबड्या पाळल्यात, घरात मांजरही आहे, दोन्ही कसं सांभाळायचं, असं विचारणारे पुष्कळ असतात. फक्त कविता नको.' कविता नको, हे ऐकायची मला घरातूनच सवय आहे. तेव्हा श्रोतेहो, आज कविता नाही.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा आणि मागं परडं. परड्यात नळ, धुण्याचा दगड, एक शेवगा आणि कोंबड्यांचं खुराडं. मी पतसंस्थेत क्लार्क. पगार वेळेवर होईलच असं नाही, आणि कवितेचा पगार तर कधीच नाही. कोंबड्या माझ्या बायकोच्या. माहेराहून येताना तिनं दोन तलंगा आणि एक कोंबडा आणला, त्यांचाच वंश अजून चालू आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर, फार तर ऐंशी अंडी देते. पोल्ट्रीतली देते त्याच्या पावपट. पण गावरान अंड्याला भाव चांगला, आणि अंड्याचे पैसे चहाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जातात. त्या डब्याला मी आजवर हात लावलेला नाही. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणातली हॉस्टेलची मेस त्या डब्यानं भरली. एवढं सांगितलं म्हणजे परड्यातलं एक पिल्लू गेलं तर घरात काय होतं, हे तुमच्या लक्षात येईल.

मांजर होतं अम्मीचं, म्हणजे माझ्या आईचं. २०१४ च्या पावसाळ्यात शेवग्याखाली ओलंचिंब पिल्लू सापडलं, ते तिनं ओढणीत घेतलं आणि नाव ठेवलं बिल्लो. अम्मी गुडघ्यानं अधू, दिवसभर ओट्यावर. बिल्लो तिच्या मांडीवर. भातात सुकटीची पूड कालवून ती स्वतःच्या हातानं भरवायची. मोठ्या कोंबड्यांकडे बिल्लो ढुंकूनही बघत नसे. एकदाच लहानपणी तिनं कोंबड्याच्या शेपटीवर झडप घातली होती. त्यानं अशी काही लाथ आणि चोच दिली, की त्यानंतर तो समोरून आला तर ती भिंतीवर चढायची. घरात मांजर आणि पूर्ण वाढलेल्या कोंबड्या एवढंच असेल तर तुम्हाला माझ्या भाषणाची फारशी गरज नाही. घरचं मांजर दीड-दोन किलोच्या पक्ष्याच्या वाटेला सहसा जात नाही. भानगड सुरू होते ती पिल्लं निघाल्यावर.

२०१६ साली अम्मी गेली. बिल्लो महिनाभर ओट्यावरच्या तिच्या गोधडीवर बसून राहिली, मग माझ्या पायाशी येऊन बसू लागली. पुढच्या मार्चमध्ये काळी कोंबडी खुडूक झाली. बायकोनं पाटीत पेंढा घालून तेरा अंड्यांवर तिला बसवलं. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली, दोन अंडी वांझ गेली. चौथ्या दिवशी मी ओट्यावर बसून एका दिवाळी अंकाच्या संपादकाला पत्र लिहीत होतो. परड्यातून काळीचा आरडाओरडा ऐकू आला. धावलो तर बिल्लो भिंतीवर, आणि तोंडात पिवळा पुंजका. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट, तेव्हा संशयाचा फायदा वगैरे काही नाही. दोन दिवसांनी धुण्याच्या दगडामागं पिसं आणि एक पंख सापडला. बायको काही बोलली नाही. तिनं बिल्लोच्या गळ्यात घुंगरू बांधलं. आठवडाभरात बिल्लो घुंगरू न वाजवता चालायला शिकली. गल्लीतून जाताना वाजायचं, परड्यात वाजायचं नाही.

मग खुराड्यातूनच रात्रीत दोन पिल्लं नाहीशी झाली. अकराची सात झाली. सकाळी बायको म्हणाली, 'अजी, या तो ये रहेगी, नै तो मेरी मुर्ग्यां.' शेजारच्या आक्का भिंतीवरून बोलल्या, 'पोत्यात घाल आन् सोड जा नदीपल्याड. गेलं किटाळ.' आमच्याकडं ही जुनी रीत आहे. घरोघरची मांजरं अशी पोत्यातून नदीपल्याड जातात, आणि पल्याडची अल्याड येतात. मधला पूल तेवढा जागेवर असतो.

मी बिल्लोला सिमेंटच्या पोत्यात घातलं. ती ओरडली नाही, हे मला अजून टोचतं. लहानपणी अम्मीनं सांगितलेली एक हदीस मला पाठ होती. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. तिला खायलाही दिलं नाही आणि बाहेर जाऊन किडेमुंग्या खायलाही सोडलं नाही. ते मांजर मेलं, आणि त्या एका गोष्टीसाठी ती बाई नरकात गेली. मी स्वतःची समजूत घातली, की मी कोंडत नाही, सोडतोय. स्कूटरवरून पुलापलीकडं गेलो, तिथल्या दूध संकलन केंद्राच्या मागं पोत्याचं तोंड सोडलं. दुधाच्या जागी मांजर उपाशी मरणार नाही, असा हिशेब. क्लार्क माणूस, पाप करतानाही हिशेब मांडून करतो.

तिसऱ्या रात्री आणखी दोन पिल्लं गेली.

खुराड्याची कडी लागलेली, दाराला हात लागलेला नाही. बायको उकिडवी बसून बराच वेळ आत बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यातली राख बाजूला केली. खाली वीतभर रुंद बीळ. कुदळीनं हातभर खणलं तर आत वाळका पेंढा, मक्याचे दाणे आणि पिल्लांचे पाय. घूस. मांजर पिल्लू उघड्यावर नेतं, पिसं मागं टाकतं. घूस आणि उंदीर बिळात ओढून नेतात, मागं काही राहत नाही. ही साधी खूण आम्हा दोघांना माहीत असायला हवी होती. अकरातली दोन बिल्लोनं खाल्ली, चार घुशीनं. पहिल्या चारांचा गुन्हा आम्ही एकीवर लादला होता. मुंगसाची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकतो. पण गोष्टीतलं मुंगूस निर्दोष असतं, म्हणून ती सोपी असते. आमची बिल्लो निम्मी गुन्हेगार होती.

'जाओ, लेके आओ,' बायको म्हणाली.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गेलो. चौथ्या दिवशी दुधाच्या कॅनच्या फळीखाली दिसली. कान फाटलेला, बरगड्या मोजता येत होत्या. मी हाक मारली तर माझ्याकडं बघून आणखी आत सरकली. पाचव्या दिवशी बायको मागं बसून आली. येताना तिनं अम्मीच्या गोधडीचा तुकडा आणला होता. तो जमिनीवर अंथरून ती लांब जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासानं बिल्लो बाहेर आली, गोधडी हुंगली आणि तिच्यावर बसली. मला ती त्यानंतर कित्येक महिने जवळ येऊ देत नव्हती. आजही पोत्याचा आवाज झाला की उठून जाते.

आता मूळ मुद्दा. त्यानंतर आम्ही काय केलं?

पहिलं म्हणजे खुराडं नव्यानं बांधलं, आणि ते मांजरासाठी नाही, घुशीसाठी बांधलं. तळाला विटा आणि कोबा. चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची चौकोनी, वेल्डिंगची जाळी. बाजारात जी षटकोनी, पातळ कोंबडीजाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. भोकं मोठी असतात, आणि बाहेरून पंजा घालून पिल्लू ओढता येतं. जाळी जमिनीत फूटभर गाडली आणि खाली बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणारं जनावर जाळीवरच उकरत बसतं. रात्री खुराड्यात दाणे ठेवायचे नाहीत. दाण्याला उंदीर, उंदरामागं साप. उंदराचं औषधही आम्ही बंद केलं. औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजर जातं, आणि सांडलेलं औषध कोंबडी टिपते. दोन्ही पाळायची तर विष घरात नको.

दुसरं, वेळ. मगरिबची अजान झाली की कडी लागते. कोंबड्या आपण होऊन आत जातात, आपण फक्त मोजायच्या आणि कडी लावायची. मोजणं बायकोकडं, कडी माझ्याकडं. या कडीवरून आमची जितकी भांडणं झाली तितकी पैशावरून झाली नसतील. एकदा कवी संमेलनाला गेलो आणि कडी लावायला कुणी नव्हतं. परत आलो तर तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. त्या रात्री काहीही झालं नव्हतं, तरी पाहिलं.

तिसरं, पिल्लं. ती कबुतराहून मोठी होईपर्यंत, म्हणजे आमच्या मापानं दोन-अडीच महिने, मांजर आणि पिल्लं यांच्यामध्ये जाळी असल्याशिवाय सोडायचीच नाहीत. दिवसा आई आणि पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यात, खाली माती, वर सावली. नुसतं डालगं चालत नाही, मांजर ते डोक्यानं उलटवतं. जाळीच्या बाहेर बिल्लो हवी तितका वेळ बसो. पहिल्या आठवड्यात तिच्या शेपटीचं टोक हलायचं. हे टोक बघायला शिका. अख्खी शेपटी सैल असेल तर मांजर नुसतं बघत असतं, नुसतं टोकच थरथरत असेल तर ते मनातल्या मनात उडी मारून झालेलं असतं. टोक हललं की बायको तांब्यातलं पाणी उडवायची. आणि बहुतेक वेळा पाण्याच्या आधी काळीच पुढं यायची. पिसं फुलवून, मान खाली घालून ती जाळीवर अशी धडकायची की मीच दचकायचो. पिल्लंवाल्या कोंबडीच्या चोचीनं मांजराला जे शिकवता येतं ते आपल्या तांब्यानं येत नाही. तांब्या लांबून मदत करतो, एवढंच.

कोंबडी आरडाओरडा करते असं आपण ढोबळ म्हणतो, पण तो एक आवाज नसतो. आकाशात घार दिसली तर लांब, बारीक, एकच सूर निघतो आणि पिल्लं जिथल्या तिथं दबून बसतात. जमिनीवर कुत्रं, मुंगूस, मांजर दिसलं तर कट्-कट्-कटाक् असा तुटक, लांबणारा गजर. शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आहे, की वरच्या आणि खालच्या शत्रूसाठी कोंबड्यांचे आवाज वेगळे असतात. मी कान देऊन ऐकत गेलो तसं मलाही कळू लागलं. आता आतल्या खोलीत असलो तरी वर बघायला धावायचं की खाली, हे ठरवता येतं. उरलेल्या पाचांतलं एक पिल्लू घारीनं नेलं, तेव्हा हे ज्ञान मला नव्हतं. मी खाली बिल्लोला शोधत होतो.

चौथं, पोट. पोटभर खाऊ घातलं की मांजर शिकार करत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. भूक आणि शिकार या मांजराच्या दोन वेगळ्या खोड्या आहेत. मुलीनं मला मोबाइलवर वाचून दाखवलं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं २०२१ साली साडेतीनशेवर पाळीव मांजरांचा अभ्यास छापला. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं अन्न दिलं तर मांजरं घरी आणतात त्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीशी, पिसाशी खेळवलं तर २५ टक्के. आणि घंटेचा काही ठळक उपयोग दिसला नाही. बायको म्हणाली, 'ये तो मेरे घुंगरू ने पहलेच बोल दिया था.' तेव्हापासून पिल्लं पिंजऱ्याबाहेर येण्याआधी बिल्लोला सुकट-भात मिळतो, तोही भिंतीवर, कारण खाली ठेवला की कोंबड्याच तिचं ताट साफ करतात. या घरात मांजराचं अन्न कोंबड्यांनी पळवल्याच्या तक्रारी उलट तक्रारींपेक्षा जास्त आहेत, पण त्या कुणी मांडत नाही. खेळवणं माझ्याकडं. पन्नाशी ओलांडलेला माणूस ओट्यावर दोरी हलवत बसलेला गल्लीनं बघितला आहे.

२०१८ साली बिल्लोला तीन पिल्लं झाली. तो काळ अवघड असतो, पिलं असलेली मांजरी जास्त शिकार करते. दोन पिल्लं लोकांनी नेली, शेरू राहिला. त्याची टोपली मी मुद्दाम जाळीला लागून ठेवली. डोळे उघडल्यापासून त्याला शेजारी चिवचिव. तो मोठा झाला, उंदीर मारायचा, पाली मारायचा, पण कोंबडीच्या पिल्लाला त्यानं कधी दात लावला नाही. हे नशीब की शिकवण, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. त्याचं उत्तर पुष्कळ जुनं निघालं. १९३० साली झिंग-यांग कुओ नावाच्या चिनी मानसशास्त्रज्ञानं मांजराची पिल्लं तीन तऱ्हांनी वाढवून पाहिली. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पैकी १८ पिल्लांनी उंदीर मारले. एकटी वाढवलेल्या २० पैकी ९ पिल्लांनी. आणि उंदराच्याच संगतीत वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी. म्हणून ज्यांच्याकडं कोंबड्या आधीच आहेत आणि मांजर आता आणायचं आहे, त्यांनी लहान पिल्लू आणावं, मोठं झालेलं शिकारी मांजर नव्हे. पण त्या तिघांना विसरू नका. जाळी त्या तिघांसाठी असते. शेरूनंतर बिल्लोची नसबंदी करून घेतली. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, 'आता हिचा रोख कमी होईल.' तो झाला.

एका परिसंवादात मी हे सगळं चहाच्या वेळी सांगत होतो. एका तरुणानं विचारलं, 'सर, यात मांजर म्हणजे कोण आणि कोंबडी म्हणजे कोण?' विषय सलोख्याचा होता आणि वक्ता मुसलमान, तेव्हा त्याची चूक नव्हती. मी म्हटलं, 'मांजर म्हणजे मांजर.' ज्या उपमेत एक जण दुसऱ्याचं खाद्य आहे ती उपमा मला शेजाऱ्यांना लावायची नाही. आक्का आणि आम्ही एकाच भिंतीला पाठ लावून तीस वर्षं राहतो, आमच्यामध्ये जाळी नाही.

आणि खरं सांगायचं तर मांजर आणि कोंबडी दोघंही माणसाच्या घरी मैत्रीसाठी आलेली नाहीत, दाण्यासाठी आलेली आहेत. माणसानं धान्य साठवलं, त्याला उंदीर लागले, उंदरांमागं मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, हे २००४ साली जाहीर झालं. कोंबडी आग्नेय आशियातल्या रानकोंबडीची लेक. थायलंडमधल्या बान नॉन वात इथं सापडलेली हाडं इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत, आणि २०२२ साली त्यावर लिहिणाऱ्या संशोधकांचं म्हणणं असं, की भातशेतीनं, सांडलेल्या दाण्यानं तिला झाडावरून खाली आणलं. एक उंदरामार्फत दाण्याकडं आली, दुसरी थेट आली. आमच्या परड्यातही तेच चाललेलं आहे. बिल्लो असल्यापासून मक्याच्या पोत्याला उंदराचं भोक नाही. बायकोला हे मान्य आहे, फक्त मोठ्यानं मान्य नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी परड्यात आलं, मग ओट्यावर, मग घरात. आक्कांच्या घराला स्लॅब आहे. आम्ही सगळे चार दिवस त्यांच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली. नऊ कोंबड्या दोन डालग्यांत, बिल्लो मोकळी. शेरू पाणी चढलं त्या रात्री बाहेर होता, तो पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी एक तलंग गारठून मेली. बिल्लो तिच्याजवळ गेली, हुंगली, आणि परत येऊन डालग्याच्या उबेला टेकून बसली. लोक हे ऐकलं की म्हणतात, बघा, संकटात वैर विसरतात. मी चौथ्या दिवसाचंही सांगतो. ऊन पडलं, अंग वाळलं, आणि बिल्लोच्या शेपटीचं टोक हललं. बायकोनं डालग्यावर दगड ठेवला.

२०२२ साली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. ती नर्स, आल्या आल्या परड्याची तपासणी केली. कोंबड्या ज्या भुसभुशीत राखेत लोळतात, तिथंच बिल्लो विधी उरकत होती, आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत जातो, कोंबडी ती माती टिपते, आणि गरोदर बाईला तो बाधला तर पोटातल्या बाळाला धोका. घाबरून मांजर हाकलायचं कारण नाही, असंही तिनंच सांगितलं. विष्ठा पडल्यापासून तो बाधू लागायला निदान एक दिवस जातो. म्हणून मांजराला वेगळी वाळूची पेटी द्यायची, ती रोजच्या रोज साफ करायची, गरोदर बाईनं तिला हात लावायचा नाही, मातीत काम केल्यावर साबणानं हात धुवायचे, मटण-कोंबडी नीट शिजवायची. राखेच्या जागेवर जाळीचं झाकण आलं, पेटी साफ करायचं काम माझ्याकडं आलं. नातू सुखरूप झाला. आता तो बिल्लोची शेपटी ओढतो आणि कोंबड्या त्याची बिस्किटं.

आणखी एक नियम मुलीनंच घातला. कोंबडी कापली की आतडी, पाय, डोकं मांजराला कच्चं टाकायचं नाही. पूर्वी आम्ही टाकत होतो. बर्ड फ्लू आपल्याकडं नवा नाही. २००६ साली नवापूरला आला, २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले. आजारी पक्षी कच्चा खाल्ल्यानं मांजरालाही तो होतो. परड्यात एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर मांजर आधी घरात कोंडायचं, मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावायचा नाही आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. बहुतेक वेळा ती मानमोडी निघते, म्हणजे राणीखेत, आणि तिची लस पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत डोळ्यात थेंब टाकून देता येते. ती चुकवू नका. आमच्या परड्यात मानमोडीनं जेवढ्या कोंबड्या नेल्या तेवढ्या बिल्लो, घूस आणि घार यांनी मिळूनही नेलेल्या नाहीत.

कोंबडी कापली की, असं मी आत्ता म्हणालो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. होय, कापतो. पाहुणे आले की, आणि ईदेला. बिल्लोनं एक पिल्लू उचललं तर पोत्यात, आणि आपण थाळीत घेतलं तर पाहुणचार. हे मला अम्मीनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. पूल ओलांडून पोतं सोडलं त्या दिवशी हसू आलं नाही. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि रश्शाची चव काही कमी झालेली नाही.

बिल्लो आता म्हातारी झाली आहे. एक डोळा धूसर, उडी मोजून मारते. दुपारभर खुराड्याच्या पत्र्यावर झोपते, कारण पत्रा तापलेला असतो. तिच्या बरोबर खाली, आत, काळीची नात बारा अंड्यांवर बसलेली आहे. आज चौदावा दिवस. बॅटरी धरून बघितलं तर दहांत जीव दिसतो. बायको म्हणते, बिल्लोच्यानं आता काही होत नाही, या खेपेला जाळी नको. आणि लगेच म्हणते, 'फिर भी लगाओ.' काल रात्री कडी लावताना डाव्या कोपऱ्यात जाळीला गंज दिसला, बोट लावलं तर तार तुटली. सात दिवस आहेत. उद्या सांगलीला जातोच आहे, दोन फूट जाळी घेऊन येईन.